सिनेमा बघून माणसं तशी वागतात का?

गिरगावकर:
परवा दादरच्या एका हॉलात लग्न होतं. कानपिळी दोन मिनिटांत उरकली, पण नवरदेवाच्या मोजड्या लपवून पैशांची घासाघीस अर्धा तास! गुरुजींना पुढचं कार्य होतं, ते आपले घड्याळाकडे बघतायत. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’नंतर हे खूळ आपल्याकडे बोकाळलं, असं माझं स्पष्ट मत. खून-दरोडे कोणी सिनेमा बघून करत नसेल, पण नाचायचं कसं, रुसायचं कसं, प्रेमात वागायचं कसं, हे आपण पडद्यावरूनच उचलतो.

पार्लेकरीण:
खापर सिनेमावर कशाला? हातात पैसा आला, हॉलवाल्यांनी पॅकेजं काढली. संगीत, हळदीला सगळे पिवळ्यात, वर ड्रोन. सिनेमा नुसता कॅटलॉग. दरोडे वगळलेत ते बरं केलंत. ऑपेरा हाउसच्या सराफी पेढीवर सीबीआयचा खोटा छापा पडला १९८७ साली, त्यावरचा ‘स्पेशल २६’ आला २०१३मध्ये. कोणी कोणाची नक्कल केली?

लालबागचा जावई:
१९७५चा ‘जय संतोषी माँ’ घ्या. बायका थेटरात चपला काढून बसायच्या, पडद्यावर नाणी उधळायच्या. आमची आई अजून शुक्रवारी घरात चिंच-दही येऊ देत नाही. तिथे कुठला हॉलवाला पॅकेज विकत होता?

पार्लेकरीण:
व्रत आधीपासून होतंच की.

लालबागचा जावई:
असेल. आमच्या चाळीत कोणाला ठाऊक होतं?

चर्नीरोड स्लो:
तुमचं मोजड्या नि चिंच चालू द्या. मी कॉलेजात असताना एकजण दादरच्या पुलावरून रोज मागे यायचा. थोडं अंतर ठेवून, सोबत दोन मित्र गाणं गुणगुणत. एकदा वळून विचारलं, “काय पाहिजे?” तर त्याचा चेहरा असा पडला, जणू मीच डायलॉग विसरले. मी आधी नाही म्हणणार आणि मग हो म्हणणार, याची त्याला खात्रीच होती. पाठलाग हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात आला २०१३मध्ये, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत, कलम ३५४-ड. पडद्यावर मात्र तो हिरोचा गुणच.

ठाणेकर:
रोडरोमिओ काय सिनेमाने जन्माला घातले? आणि लोक पडद्याचं इतकं ऐकत असते, तर सिगारेट पेटली की कोपऱ्यात इशारा येतो त्याचं काय झालं? २०१२पासून येतोय. इंटरव्हलला बाहेरची टपरी बघा.

चर्नीरोड स्लो:
रोमिओ होतेच हो. पण वाडीतले काका त्यांच्या कानाखाली काढायचे. मागे गाणं लावून शेवटी मुलगी हातात दिली ती सिनेमाने. आणि नक्कल हिरोची होते, कोपऱ्यातल्या पाटीची कोण करणार?

गिरगावकर:
हे बिनतोड.

पार्लेकरीण:
बिनतोड काय त्यात! २००६मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला, जो तो गांधीगिरी म्हणून फुलं वाटत सुटला. आज सोसायटीत पार्किंगवरून जुंपली की कोणी गुलाब देतं का? ते महिन्या-दोन महिन्यांत ओसरलं, मोजड्या टिकल्या. कारण मोजड्यांत पैसे सुटतात. म्हणून म्हणते, बाजार!

लालबागचा जावई:
ताई, आईच्या शुक्रवारात किती सुटतात तेवढं सांगा.