चवदार तळ्याच्या पाठाचं वर्गात नाटक करावं का?

सातारकर शिक्षिका
इतिहास कृतीतून शिकवा, असं आता प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात आणि मला ते मनापासून पटतं. पण कृती म्हणजे नाट्यीकरण, एवढंच त्याचं समीकरण होऊन बसलंय. दांडीयात्रेला ते चालून जातं. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला मात्र ते करू नये, असं माझं ठाम मत आहे.

आठवीच्या वर्गात २० मार्च १९२७ उभा करायचा म्हणजे कुणीतरी तळ्याशी ओंजळ भरायची आणि कुणीतरी काठी घेऊन परिषदेला आलेल्यांच्या जेवणाच्या मांडवात घुसायचं. या भूमिका वाटायच्या कशा? बऱ्याचदा हजेरीपटावरची आडनावंच त्या वाटून टाकतात.

कृती हवीच, पण हातात कागद देऊन. सी. के. बोल्यांचा मुंबई कायदेमंडळातला १९२३ चा ठराव, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा. त्यानुसार महाड नगरपालिकेनं १९२४ साली केलेला ठराव. अस्पृश्यांना तळ्यावर जायला बंदी करणारा, डिसेंबर १९२७ चा कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम. आणि मार्च १९३७ मधला मुंबई हायकोर्टाचा निकाल. चार गट, चार कागद आणि एकच प्रश्न: तळं १९२४ लाच खुलं झालं होतं, तर १९२७ ला सत्याग्रह का करावा लागला? पोरं आधी म्हणतात, "लोकांना ठराव माहीत नसेल." मग कुणीतरी विचारतं, "ठराव केला, पण पाळायला कोणी लावला?" तिथून खरा तास सुरू होतो.

रंगमंच नागपूर
मॅडम, मी सहमत नाही. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-सोंगांचे कार्यक्रम, विसरलात का? वाचता न येणाऱ्या माणसांपर्यंत चळवळ जलशांनीच पोचवली. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अण्णाभाऊ, अमरशेख, गव्हाणकर यांनीही तेच केलं. ज्या शतकातल्या चळवळी गाण्यानं आणि सोंगानं उभ्या राहिल्या, ते शतक शिकवताना नाटकच वर्गाबाहेर ठेवायचं? ठरावाची भाषा वाचून राग येत नाही. तळं शुद्ध करायला दही-दूध, शेण-गोमूत्राच्या घागरी ओतल्या, हे नुसतं वाचणं आणि वर्गात एकानं रिकामी घागर उचलून ओतून दाखवणं यात फार फरक आहे.

एक आई, ठाणे
दादा, त्या घागरीसमोर कोण बसलंय तेही बघा. माझ्या मुलीला तिच्या शाळेत पाणी पिणाऱ्या बाईचं काम दिलं. का, तर "तुझ्या घरचाच विषय आहे, तू छान करशील." डब्याच्या सुट्टीत मैत्रिणींनी विचारलं, म्हणजे काय गं? तोवर त्यांना काही माहीत नव्हतं. तिला बाबासाहेबांचा अभिमान आहे, घरी ती भाषण पाठ करून म्हणते. पण कधी आणि कुणासमोर बोलायचं हे तिनं ठरवायचं. कर्डकांचे कलावंत स्वतःहून उभे राहिले होते, त्यांना कुणी बाकावरून उठवलं नव्हतं.

रंगमंच नागपूर
ताई, हे चुकीचंच झालं आणि ते वाचून वाईट वाटलं. त्या शिक्षिकेनं भूमिका वाटली ती जात पाहून. माझा आग्रह नाटकाचा आहे, मार्चमधल्या हल्ल्याचा नाही. डिसेंबर घ्या. मनाई हुकूम आलाय, परिषदेला हजारो प्रतिनिधी जमलेत, तुरुंगात जायला तयार आहेत. पाणी घ्यायचं की थांबायचं? सगळा वर्ग प्रतिनिधी, हल्लेखोर कुणीच नाही. प्रत्येकानं उठून आपलं मत मांडायचं. शेवटी सांगायचं की बाबासाहेबांनी थांबायला सांगितलं आणि तळ्याभोवती मिरवणूक निघाली. बघा, निम्मा वर्ग त्यांच्याशीही वाद घालेल.

निवृत्त हेडमास्तर, लातूर
आपण सगळे एका पाठाला तीन-चार तासिका द्यायला निघालात. वर्गात साठ पोरं, तास पस्तीस मिनिटांचा. एकट्या १९३० सालात काय काय आहे बघा: दांडी, शिरोडा, धारासना, सोलापूरचा मार्शल लॉ, चिरनेर, डिसेंबरात बाबू गेनू. पुढे बेचाळीस. आमच्याकडच्या पोरांना तर १५ ऑगस्ट १९४७ ला आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तसाच राहिला, हेच सांगावं लागतं. आधी काय, नंतर काय हे डोक्यात पक्कं नसेल तर तुमचे चार कागद म्हणजे चार चिठोऱ्या. खडू-फळ्यानं क्रम पक्का होतो. मी आयुष्यभर तसंच शिकवलं आणि माझी पोरं इतिहास विसरलेली नाहीत.

सातारकर शिक्षिका
सर, क्रमाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे. सगळेच पाठ असे घेता येत नाहीत, मीही घेत नाही. वर्षाला एक-दोन असे, बाकी फळ्यावर. पण कागदांतूनही क्रम बसतो. १९३७ च्या निकालावर न्यायमूर्ती ब्रूमफिल्डांचं नाव आहे. १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे तेच. हे कळल्यावर पोरं दोन्ही तारखा आपणहून जोडतात.

नागपूरचे दादा, डिसेंबरची कल्पना मला पटली, यंदा करून बघेन. काठी घेऊन घुसण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. शिवाय त्या नाटकात सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे या बाबासाहेबांच्या सवर्ण सहकाऱ्यांना कुठे उभं करणार? नगरपालिकेचे अध्यक्ष टिपणीसच परिषदेच्या बाजूनं होते, मनुस्मृतीदहनाचा ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला. दोन बाजूंच्या संगीत खुर्चीत ही माणसं हरवतात.

पाटणचा नवा मास्तर
आमच्याकडे मी आजी-आजोबांच्या मुलाखती घ्यायला लावतो. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडण्याची कामं, तेव्हा खायला मिळालेली सुकडी आणि लाल मिलो ज्वारी. एका आजीनं नातवाला खडीच्या हातोडीनं वाकडं झालेलं बोट दाखवलं, पोरानं वहीत त्याचं चित्र काढून आणलं. इथे कुणाला सोंग घ्यावं लागत नाही.

निवृत्त हेडमास्तर, लातूर
आठवण म्हणजे पुरावा नव्हे, बाळा. माणसं सालं चुकतात.

पाटणचा नवा मास्तर
चुकतात, सर. कोयनेचा भूकंप कुणी पासष्टला सांगतं, कुणी अडुसष्टला. मग पोरं ११ डिसेंबर १९६७ शोधून काढतात आणि घरी जाऊन आजोबांशी वाद घालतात. ती तारीख मग ती विसरत नाहीत.

एक आई, ठाणे
मॅडम, ते चार कागद साध्या मराठीत मिळतील का? पालकसभेत ठेवायचे आहेत.

सातारकर शिक्षिका
देते, ताई. निकाल इंग्रजीत आहे, म्हणून त्याचा गाभाच मराठीत उतरवलाय: अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची प्रथा अनादि काळापासून चालत आली, असं फिर्यादींना सिद्ध करता आलं नाही. हा कागद मात्र सगळ्यात शेवटी द्या. आधी वाचला की बाकीच्या तिघांवर कुणी डोकं लावत नाही.