‘बिझनेस एथिक्स’, ‘स्टेकहोल्डर’, ‘कॉम्पिटिटिव्ह ॲडव्हान्टेज’: मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

एका कंपनीच्या आचारसंहितेचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला आहे. पहिल्या पानावरच्या मुख्य वाक्याचा कच्चा अनुवाद मी असा केला: ‘व्यावसायिक नैतिकता हा आमच्या प्रत्येक निर्णयाचा पाया आहे, तोच आमचा स्पर्धात्मक लाभ आहे आणि आम्ही सर्व भागधारकांना उत्तरदायी आहोत.’ व्याकरण ठीक आहे, पण मोठ्याने वाचलं की शब्द नुसते वाजतात, आत काही शिरत नाही. यंत्रावर काम करणाऱ्यापासून खरेदी बघणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ही संहिता वाचून पाळायची आहे, म्हणून मला हे मनापासून नीट करायचं आहे. ‘नैतिकता’, ‘लाभ’ आणि ‘भागधारक’ या तिन्हींवर मत हवं आहे.

पहिलं उत्तर

ताई, ‘भागधारक’ आधी काढा. बाकीचे दोन शब्द फिके आहेत, हा चुकीचा आहे. भागधारक म्हणजे ज्याच्याकडे कंपनीचे शेअर आहेत तो. मूळ वाक्यात ‘स्टेकहोल्डर’ असणार, म्हणजे कामगार, ग्राहक, माल पुरवणारे, कारखान्याशेजारी राहणारे, ज्यांचं काही ना काही कंपनीच्या वागण्यावर अवलंबून आहे ते सगळे. अनुवादात ‘शेअरहोल्डर’ आणि ‘स्टेकहोल्डर’ दोघेही सर्रास ‘भागधारक’ होतात आणि या विषयातला मूळ वादच मराठीत नाहीसा होतो.

तो वाद असा. १९७० साली अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या नियतकालिकात लिहिलं, की व्यवसायाची सामाजिक जबाबदारी म्हणजे नफा वाढवणं. (फसवणूक न करता, खेळाचे नियम पाळून, ही अट त्याच लेखात आहे. त्यांचं मत सांगताना बरेच जण ती गाळतात, आणि ते अन्यायाचं आहे.) १९८४ मध्ये एडवर्ड फ्रीमन यांनी स्टेकहोल्डरची कल्पना व्यवस्थापनशास्त्रात सविस्तर मांडली. ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ‘बिझनेस राउंडटेबल’ या संघटनेच्या १८१ कंपनीप्रमुखांनी एका निवेदनावर सही केली: कंपनीची बांधिलकी ग्राहक, कर्मचारी, पुरवठादार, भोवतालचा समाज आणि शेअरहोल्डर या सगळ्यांशी आहे. ही बातमी एकाच शब्दावर भागवून लिहून बघा. ‘कंपन्या पूर्वी भागधारकांसाठी चालत, आता भागधारकांसाठी चालतील.’ पन्नास वर्षांचा वाद एका शब्दात बुडाला.

मी ‘हितसंबंधी’ म्हणेन. एक अडचण मात्र आहे. मराठीत ‘हितसंबंध’ बहुधा संशयाच्या सुरात येतात, ‘त्यांचे हितसंबंध गुंतलेत’ असे. म्हणून पहिल्या वेळी शब्द न वापरता माणसंच मोजून सांगा.

दुसरं उत्तर

वरच्या उत्तराशी सहमत. मला ‘नैतिकता’बद्दल बोलायचं आहे.

‘अनैतिक’ म्हटलं की मराठी वाचकाला आधी काय आठवतं? ‘अनैतिक संबंध’. हा शब्द आपल्याकडे माणसाच्या खासगी वागण्याला फार चिकटला आहे. त्यामुळे घरी सरळ असलेला माणूस ‘नैतिकता’ या शीर्षकाखालचं पान आपल्यासाठी नाहीच असं समजून उलटतो. ‘सचोटी’ हा सुंदर शब्द आहे, पण तोही माणसाचा गुण आहे. सचोटीची माणसं नेमूनही कंपनी वाईट निर्णय घेऊ शकते, कारण निर्णय माणसांइतकेच पद्धतींतून घडतात.

माझी पसंती ‘नीती’ला. धातू ‘नी’, नेणं. नेता, नायक त्याच घरातले. आणि याच शब्दातून ‘नीतिमत्ता’ही येते नि ‘रणनीती’ही. कुठे जायचं आणि कसं जायचं, दोन्ही एकाच शब्दात. इंग्रजीत एथिक्स आणि स्ट्रॅटेजी यांचं कूळ वेगळं आहे, तिथे त्यांची सांगड मुद्दाम घालावी लागते. आपल्या शब्दात ती आधीच आहे, आणि तुमच्या वाक्याला तीच तर सांगायची आहे.

अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण बघा. २०१६ मध्ये उघड झालं, की कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नावाने त्यांना न विचारता लाखो खाती उघडली होती. बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून गेले. एवढी माणसं एकाच वेळी स्वभावाने खोटी निघाली असं म्हणणं मला पटत नाही. प्रत्येक ग्राहकाला जास्तीत जास्त खाती विकायची, हे टार्गेट वरून आलं होतं. चूक टार्गेट ठरवताना झाली, आणि तो निर्णय घेणाऱ्यांच्या लेखी तो ‘नैतिकते’चा विषय नव्हता, धोरणाचा होता. तुमच्या वाचकाला हे दोन विषय वेगळे वाटू नयेत म्हणून ‘नीती’.

‘व्यावसायिक’ही टाळा. त्याने डॉक्टर-वकिलांची पेशाची नीतीही सूचित होते. ‘व्यवसायनीती’ असा सरळ समास करा.

तिसरं उत्तर

‘व्यवसाय’ या शब्दाविषयी थोडं अवांतर. संस्कृतात त्याचा अर्थ निश्चय असाही आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली ‘व्यवसायात्मिका बुद्धी’ म्हणजे निश्चय करणारी बुद्धी. निर्णयाबद्दलच्या वाक्यात हा शब्द यावा, याचा मला आनंद आहे.

चौथं उत्तर

मी लेखापाल आहे, म्हणून ‘लाभ’वर लिहितो. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९८५ मध्ये रूढ केलेल्या ‘कॉम्पिटिटिव्ह ॲडव्हान्टेज’ या संज्ञेतला ‘ॲडव्हान्टेज’ म्हणजे पदरात पडलेला नफा नव्हे. प्रतिस्पर्ध्याला सहज गाठता येणार नाही अशी जागा, असा त्याचा भाव आहे. मराठीत ‘लाभ’ म्हणजे मिळकत. तुमचं वाक्य वाचून ‘नीती पाळतो, कारण त्यात फायदा आहे’ असंच ऐकू येतं. सर्वसाधारण मजकुरात ‘सरशी’ किंवा ‘आघाडी’ चालेल. इथे मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे: ‘पत’.

‘ऐपत’ म्हणजे माझ्याकडे काय आहे. ‘पत’ म्हणजे इतरांचा माझ्यावर किती विश्वास आहे. ऐपत एका व्यवहारात वाढू शकते, पत वाढायला वर्षं जातात. हिशेबात ‘गुडविल’ला आपण ‘ख्याती’ म्हणतो, पण ती दुसरा व्यवसाय विकत घेतला तरच ताळेबंदात येते. स्वतः कमावलेली ख्याती मालमत्ता म्हणून दाखवायला आंतरराष्ट्रीय लेखामानक ३८ परवानगी देत नाही. म्हणजे कंपनीची सगळ्यात मोलाची गोष्ट कागदावर नसते, आणि कागद बघून निर्णय घेणाऱ्याला ती दिसत नाही.

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो भागात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुलांत कुणीतरी सायनाइड मिसळलं, सात माणसं दगावली. दोष ते औषध बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनचा नव्हता. तरी कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत घेतल्या, १० कोटी डॉलरहून अधिक खर्च सोसला आणि छेडछाड लगेच कळेल अशा वेष्टनात औषध परत आणलं. बाजारातला कोसळलेला हिस्सा साधारण वर्षभरात बराचसा परत मिळाला. त्या आठवड्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा होता. ‘लाभ’ या शब्दात हे मावत नाही, ‘पत राखली’ यात मावतं.

पाचवं उत्तर

‘पत’ला माझं अनुमोदन, पण मूळ विधानाबद्दल सावध राहा. नीतीने सरशी होतेच असं नाही. अमेरिकेने १९७७ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना लाच देणं कायद्याने बंद केलं, तेव्हा तिथल्या कंपन्यांची तक्रार होती की इतर देशांच्या कंपन्या लाच देऊन कामं नेतात. तक्रार खोटी नव्हती. जर्मनीत परदेशात दिलेली लाच १९९९ पर्यंत खर्च म्हणून करातून वजा करता येत असे. परदेशी लाचखोरीविरुद्ध ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचा १९९७ चा करार झाला तेव्हा कुठे नियम सारखे होऊ लागले. २००८ मध्ये सीमेन्स या जर्मन कंपनीला लाचखोरीपायी अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले. १९७७ ते १९९७ ही मधली वीस वर्षं सरळ वागणाऱ्यांनी कामं गमावली असणार. आचारसंहितेने त्यांना ‘लाभा’चं आश्वासन देऊ नये. तोटा झाला तरी पाळायचं, हे कळेल असं लिहावं.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. आता वाक्य असं झालं आहे: ‘आमचा प्रत्येक निर्णय व्यवसायनीतीला धरून असतो. आमची पत त्यावरच उभी आहे. ग्राहक, कामगार, पुरवठादार, शेजारी आणि भागधारक, या सगळ्यांना आम्ही जाब देणं लागतो.’ ‘उत्तरदायी’ मीच काढला, ‘जाब’ यंत्रावरच्या माणसालाही कळतो. ‘लाभ’ गाळण्यासाठी कंपनीची संमती लागेल, ती मागितली आहे.

पुढच्या पानावर ‘व्हिसलब्लोअर’ आहे, म्हणजे कंपनीतला गैरप्रकार उघड करणारा. मी ‘तक्रारदार’ लिहिलं होतं, पण तक्रारदाराचं स्वतःचं काही गेलेलं असतं, आणि हे कलम इतरांसाठी बोलणाऱ्याला संरक्षण देतं. ‘जागल्या’ लिहिते आहे: इतर झोपलेले असताना राखण करणारा.