फुकेतहून फांग न्गाची बोट ट्रिप: पोहता न येणाऱ्या आईला समुद्री गुहेत न्यावं का?

सिडकोकर_नाशिक
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटी आम्ही थायलंडमधल्या फुकेतला चाललोय. आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि आई-बाबा. एक दिवस फांग न्गा उपसागरातली बेटं आणि गुहा बघायच्या आहेत. आईने पाणी पाहिलंय ते गंगापूर धरणाच्या बोट क्लबचं. पोहता येत नाही, गुडघे दुखतात, पण व्हिडिओ बघितल्यापासून सगळ्यात उत्सुक तीच आहे. गुहेत कॅनूमध्ये आडवं पडून जावं लागतं म्हणे. जमेल का तिला? स्पीडबोट घ्यावी की मोठी बोट? एजंट एका दिवसात सात ठिकाणं दाखवतो म्हणतोय. आणि आई-बाबा मासे अजिबात खात नाहीत.

हर्णैची_लेक
दादा, आईंना नक्की न्या. माझं माहेर हर्णैचं, सासर इंदिरानगर. सासूबाईंना घेऊन ही ट्रिप केली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सात ठिकाणांचा मोह सोडा. तिथे दिवस कसा जाईल ते भरती-ओहोटी ठरवते. गुहा म्हणजे चुनखडीच्या डोंगराच्या पोटातून गेलेलं बोगद्यासारखं भोक. त्यातून पलीकडे गेलं की वरचं छत कधीकाळी कोसळून तयार झालेलं कुंड लागतं. चहूबाजूंनी उंच कडे, वर उघडं आकाश. तिकडे याला होंग म्हणतात. पाणी फार चढलं की भोक बुजतं, फार उतरलं की आत नुसता चिखल. त्यामुळे आत जायची वेळ रोज बदलते.

घरात कालनिर्णय असेलच. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. उधाणात पाणी झपाट्याने चढतं-उतरतं, आत रमायला वेळ कमी मिळतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ते गणित तिकडे लावू नका, वेळा वेगळ्या असतात. पण उधाण-भांग चंद्रावर चालतं, ते दोन्हीकडे सारखंच. बुक करताना एवढंच विचारा: त्या दिवशी कॅनू किती वाजता आणि कुठल्या बेटावर? याचं नीट उत्तर देईल त्याच्याकडेच पैसे भरा.

वल्हवायचं काम आपल्याला नसतं. वाटाड्या मागे बसून वल्हवतो, आपण लाइफ जॅकेट घालून पाय लांब करून बसायचं. छत खाली आलं की तो सांगतो, तेवढं आडवं व्हायचं. हात मात्र आत ठेवा, खडकाला कालवांची धारदार शिंपलं असतात. पनाक बेटाच्या गुहेत मिट्ट काळोख आणि वटवाघळांचा वास. सासूबाई आत रामरक्षा म्हणत होत्या, आणि बाहेर उजेडात आल्यावर म्हणाल्या, "अजून एक आहे का गं?" खारफुटीच्या मुळांशी निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारताना दिसल्या, मला आमची खाडीच आठवली. माकडं आली तर खायला काही देऊ नका.

बोट मोठीच घ्या. सावली, संडास, फिरायला जागा, सगळं असतं. स्पीडबोट आपटते, गुडघ्यांचे आणि कमरेचे हाल होतात. उपसागराला जमिनीचा आडोसा आहे, लाटा बेताच्याच. मात्र पाणी हिरवट, गढूळ असतं, कारण उथळ समुद्र आणि खारफुटीतून येणारा गाळ. निळ्याशार पाण्याची आस मुलीला लावू नका.

जेम्स बाँड बेट घाईत उरकलं तरी चालेल. 1974 च्या चित्रपटामुळे गर्दी फार. समोरचा तो वीसेक मीटरचा सुळका किनाऱ्यावरूनच बघायचा, 1998 पासून बोटी जवळ जाऊ देत नाहीत.

पंचवटी_भटक्या
ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंच आहे. बाबांना पांडवलेण्यांची आवड असेल तर एक सांगा: आपला सह्याद्री बेसॉल्टचा, तो पाण्यात विरघळत नाही, लेणी माणसाला छिन्नीने खोदावी लागली. तिकडची चुनखडी पर्मियन काळातली, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची, किंचित आम्लधर्मी पावसाच्या पाण्याने ती आतून विरघळत गेली. मग शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र वर आला आणि डोंगरांची बेटं झाली.

आईंना ऐनवेळी कॅनूची भीती वाटली तर थाम लोत आहे. दोन्हीकडून उघडी गुहा, लाँगटेल (मागे लांब दांड्याचं इंजिन असलेली तिकडची अरुंद बोट) सरळ आरपार जाते, बसल्या जागी छताचे लोंबते खडक दिसतात. पण त्यासाठी फांग न्गाच्या बाजूने निघणारी लाँगटेलची ट्रिप लागेल. वाटेत खाओ खिएनला कड्यावरची प्राचीन चित्रं दिसतात आणि पाण्यात खांबांवर उभं असलेलं पान्यी हे मच्छीमारांचं मुस्लिम गाव लागतं. तिथल्या मुलांनी 1986 साली फळ्या जोडून तरंगतं फुटबॉलचं मैदान केलं होतं, मुलीला आवर्जून दाखवा.

गंगापूररोड_जैन
जेवणाचं आमच्या अनुभवावरून सांगतो. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, भाजीतही फिश सॉस पडतो. बुकिंगलाच "जे" जेवण लिहून घ्या. त्यात मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही नसतो. तरी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत राहू द्या.

सिडकोकर_नाशिक
खूप आभार सगळ्यांचे! आईला वाचून दाखवलं, तिने लगेच कालनिर्णय काढलं. मोठ्या बोटीवरून कॅनूत उतरताना शिडी असते का? गुडघ्यांमुळे विचारतोय.

हर्णैची_लेक
आमच्या बोटीला मागे पाण्याच्या पातळीजवळ फळी होती, तिथून दोघांनी हात धरून उतरवलं. तुमच्या बोटीचा फोटो मागवूनच घ्या. उतरताना आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. आणि पट्ट्याची चप्पल हवी, साधी स्लिपर ओल्या फळीवर घसरते.