उकळी यायच्या तोंडावर बॉयलर बंद पडतो. कटआउट (जास्त तापलं की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) बायपास करू का?

फेसाळ_पेला:
नमस्कार मंडळी. घरी बिअर करण्याचा माझा इलेक्ट्रिक बॉयलर दीड वर्षाचा आहे. ३५ लिटरचा, २४०० वॅटचा, एलिमेंट तळाच्या पत्र्याखाली झाकलेलं, आत धान्याची जाळीदार बादली, खाली छोटा पंप. २५-एक बॅच निघाल्या, कधी त्रास दिला नाही.

शनिवारी सुरुवातीचं पाणी ६८ अंशांपर्यंत नेहमीच्या वेळात तापलं. ६६ वर तासभर मॅशही (दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजत ठेवणं) नीट झाला. बादली उचलून निथळू दिली, २७ लिटर वर्ट (धान्याचं गोड पाणी) मिळाला, पॉवर पूर्ण केली. ९४ वर आकडा अडकला. पाच मिनिटांनी ९३. स्क्रीन चालू, पंप चालू, पण एलिमेंट बंद. रिसेटचं बटण तळाखाली आहे, त्यामुळे ते दाबायला भरलेला, वाफाळता बॉयलर टेबलाच्या कडेवर ओढावा लागला. तेव्हा खरंच घाबरले. बटण दाबल्यावर टक् असा आवाज झाला, तापमान चढलं आणि ९६ ला परत बंद. असं तीनदा झालं. खळखळून उकळी आलीच नाही, हॉप्सच्या (कडवटपणासाठी उकळीत घालायची फुलं) वेळा चुकल्या, आणि वर्टला करपट वास येतोय. ह्या वेळी माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) ४० टक्के गहू होता, बाकी सगळं नेहमीचंच.

एका वायरमनचं म्हणणं, कटआउट कमजोर झालंय, ते काढून दोन वायरी थेट जोडून टाका. करू का? यीस्ट तयार आहे आणि पुढची बॅच रविवारी घालायची आहे.

साडेदहा_अँपिअर:
एक्स्टेन्शन बोर्ड वापरता का? २३० व्होल्टवर २४०० वॅट म्हणजे साडेदहा अँपिअर, तेही तास-दीड तास सलग. वायर गुंडाळलेली ठेवली तर आतल्या आत तापते. शिवाय व्होल्टेज पडलं की पॉवर वर्गाच्या हिशेबानं घटते, २०० व्होल्टला २४०० चे जेमतेम १८०० वॅट उरतात. उकळी मंद राहण्याचं हेही कारण असतं.

फेसाळ_पेला:
नाही, थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटवर लावते. आणि पॉवर कमी पडली असती तर रिसेट दाबावं लागलं नसतं ना?

तांबडी_कॉइल:
बरोबर ओळखलंत. ताई, कटआउटला हात लावू नका. ते कमजोर आहे असं अजून तरी कशावरूनच दिसत नाही. माझ्या मते ते आपलं काम चोख करतंय आणि दुखणं तळाच्या आतल्या बाजूला आहे.

कटआउट पाण्याचं तापमान मोजत नाही. ते तळाच्या पत्र्याला खालून चिकटवलेलं असतं आणि त्याला कळतो तो पत्रा. स्वच्छ पत्र्यावरची उष्णता लगेच पाण्यात जाते, म्हणून पत्रा पाण्यापेक्षा थोडाच जास्त गरम राहतो. त्यावर खरवड बसली की उष्णता अडते आणि पत्रा खालून तापत जातो. समजा खरवडीमुळे तो वर्टपेक्षा पन्नास अंशांनी जास्त तापतोय. वर्ट ६६ ला असताना ते खपून जातं, ९५ ला पोचला की तेच पन्नास अंश मर्यादेपलीकडे नेतात. म्हणून तुमचा मॅश सुरळीत झाला आणि उकळीच्या तोंडावर बंद पडला. करपट वास त्याच खरवडीचा. बायपास केलंत तर तळ करपतच राहील, फक्त तुम्हाला कळणार नाही, आणि कधी चुकून रिकामा बॉयलर चालू राहिला तर एलिमेंट लाल होईपर्यंत अडवणारं काहीच उरणार नाही.

गव्हाचा संबंध आहेच. गव्हाला टरफल नसतं आणि प्रथिनं भरपूर. पीठ जाळीतून खाली झिरपतं, तळावर बसतं, वर आपण पूर्ण पॉवर देतो. माझी राय (गव्हासारखंच एक धान्य) माल्टची एक बॅच अशीच गेली होती. २५ लिटर ओतून द्यावे लागले, कारण करपलेली चव आंबवण्यात जात नाही. तुमच्या वर्टची चव घेऊन बघा. जिभेवर राखेसारखं लागत असेल तर त्यावर यीस्ट खर्च करू नका.

आता करायचं काय. प्लग काढा, बॉयलर रिकामा करा आणि टॉर्च तिरपी धरून तळ बघा. झाकलेलं एलिमेंट बहुधा गोल कड्यासारखं असतं, खरवडही त्याच आकारात बसते. रंग नीट पाहा. तपकिरी-काळी असेल तर ती प्रथिनं आणि साखर, तिला अल्कली लागते. पांढरट, खरखरीत असेल तर पाण्यातले क्षार, त्यांना सायट्रिक अॅसिड. दोन्ही असतील तर अल्कली आधी, मग खळखळून धुवायचं आणि त्यानंतर अॅसिड. क्षार प्रथिनांच्या थराखाली दडलेले असतात, उलट क्रमानं अॅसिड त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. दोन्ही एकत्र कधीच मिसळायची नाहीत.

अल्कलीसाठी सोडियम परकार्बोनेट घ्या, ६० अंशांचं पाणी, तळ बुडून वर चार बोटं येईल एवढं, आणि रात्रभर. त्यातून ऑक्सिजन सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावू नका. हातमोजे घाला. तारेची घासणी नको, क्लोरीनचं ब्लीच तर अजिबात नको, त्यानं स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि पुढची खरवड तिथंच धरते. मग २५ लिटर साधं पाणी भरून पूर्ण पॉवरवर तासभर उकळा. स्वच्छ तळ आणि साधं पाणी असूनही बंद पडला, तरच कटआउटवर संशय घ्या. त्यातली द्विधातूची चकती पुन्हा पुन्हा उडून लवकर सुटायला लागू शकते हे खरं आहे. पण तेव्हाही बदलायचं ते तेवढ्याच तापमानाचं. आकडा त्याच्या अंगावर लिहिलेला असतो.

हॉप_आणि_होप:
मध्येच विचारतो, माझा बॉयलर लावला की घराचा ईएलसीबीच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. हेच कारण का?

तांबडी_कॉइल:
नाही, तो आजार वेगळा. तिथं वीज अर्थिंगकडे गळतेय. एलिमेंटच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती टोकाकडून ओल ओढते. बरेच दिवस न वापरलेल्या बॉयलरला हे होतं. मल्टिमीटरला बहुतेक वेळा दिसत नाही, जाणकाराकडून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) मारून घ्या. एक मेगओहमच्या खाली आलं तर वापरू नका. आणि ईएलसीबी काढून चालवणं हा उपाय नव्हे, हातात ओला चमचा असतो आपल्या.

फेसाळ_पेला:
दादा, तळ पाहिला. अगदी कड्याच्या आकारात, दोन बोटं रुंद, गडद तपकिरी पट्टा! पंपाच्या तोंडापासून लांबच्या बाजूला जाड, जवळ पातळ. मी दर वेळी स्पंजनं पुसत होते, पण बॉयलर खोल असल्यानं नुसता हातच फिरत होता, नजर कधी पोचलीच नाही. रात्रभर भिजवलं. सकाळी लाकडी उलथन्याची कड लावली तर ओल्या पुठ्ठ्यासारखी पापुद्र्यांत सुटली. खाली एक पांढरी धूसर कडा राहिली, ती सायट्रिक अॅसिडनं अर्ध्या तासात गेली. पंपही उघडला, चक्रात टरफलांचा लगदा होता.

साध्या पाण्यावर ६० मिनिटं पूर्ण पॉवर, एकदाही बंद पडला नाही. पण काढताना प्लग गरम लागला, आणि एक पिन तपकिरी झालीय. हे आधीपासून असेल का?

साडेदहा_अँपिअर:
असणारच. पिन किंवा स्क्रू सैल असला की तेवढ्या ठिपक्यात रोध वाढतो आणि साडेदहा अँपिअर तिथंच उष्णता काढतात. प्लग नवा, जाड पिनांचा घ्या. जुनी वायर काळवंडली असेल तिथपर्यंत कापून चकचकीत तांबं दिसू द्या, नवं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून बसवा, कथलाचा डाग देऊ नका. गरम झालं की कथील मऊ पडतं. सॉकेटची पकडही बघून घ्या, नाहीतर नवी पिनही तशीच जळेल. प्लग काढलेला असताना एलिमेंटच्या दोन टोकांत मल्टिमीटर लावा. २४०० वॅटला २२ ओहमच्या आसपास यायला हवं.

फेसाळ_पेला:
२१.८ आलं. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलले.

तांबडी_कॉइल:
छान. आता रविवारी तीन गोष्टी पाळा. धान्य घालताना एलिमेंट बंद, पहिली दहा मिनिटं पंप अगदी मंद. बादली उचलल्यावर लांब दांड्याचा पळा तळापर्यंत घालून एकदा सगळं ढवळायचं. आणि उकळीपर्यंत १६०० वॅटच, उकळी फुटली की मग पूर्ण. वेळ जातो, पण पत्रा आणि वर्ट यांतला फरक पॉवरबरोबरच कमी होतो. माल्टही थोडं जाड दळा.

फेसाळ_पेला:
रविवारची बॅच झाली. गहू ह्या वेळीही ४० टक्केच ठेवला, मुद्दाम. ६६ पासून उकळीला पाऊण तास लागला, नंतर तासभर खळखळून उकळी, हॉप्स वेळेवर. प्लगला हात लावून पाहिला, नुसता कोमट. रिकामा केल्यावर टॉर्च घेऊन बघितलं: कड्यावर साईसारखा पातळ पांढुरका थर, बोटानं पुसला गेला. आधीचा वर्ट ओतून दिला. राखेचीच चव होती.