वस्ती, वसाहत आणि बेचिराग बेट

प्रश्न

नमस्कार मंडळी. पॅसिफिक महासागरातल्या बेटांविषयीचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. पॉलिनेशियन लोक होड्या घेऊन आले आणि राहिले, त्याला मी 'वसाहत' लिहिलं. पुढे युरोपियन आले, त्यालाही 'वसाहत'च. मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, मग दोघांत फरक काय?

दुसरी अडचण पिटकेर्न बेटाची. 'बाउंटी' या इंग्रज जहाजावर बंड करून पळालेले खलाशी 1790 मध्ये तिथे उतरले तेव्हा बेटावर कोणी नव्हतं, म्हणून मी 'निर्जन' लिहिलं. पण त्याच परिच्छेदात दगडी चौथरे आणि जुन्या हत्यारांचा उल्लेख आहे. वाचताना खटकतं. काय करावं?

उत्तर

ताई, पहिल्यासाठी सरळ 'वस्ती' वापरा आणि क्रियापद 'वसवणं'. आपण गाव वसवलं म्हणतो तेव्हा घरं, शेतं, देवस्थान, पाण्याची सोय सगळं त्यात येतं. या लोकांनी तेच केलं. सामोआ-टोंगाकडे माणसं सुमारे 2,800 वर्षांपूर्वी पोचली. पूर्वेकडची दूरची बेटं त्यानंतर बऱ्याच काळाने, साधारण इसवी सन 1000 ते 1200 च्या सुमारास वसली आणि न्यूझीलंड तेराव्या शतकाच्या आसपास. जोडहोडीत अळू, नीरफणस, केळी यांची रोपं, शिवाय डुक्कर, कुत्री, कोंबड्या असा सगळा संसार असे. मागे बसून हुकूम सोडणारा राजा नव्हता आणि नव्या बेटाचा वसूल कुठे धाडायचाही नव्हता.

होड्यांचं वर्णन येणार असेल तर एक शब्द सुचवतो. तोल सांभाळायला होडीच्या बाजूला आडव्या दांड्यांनी जे लाकूड बांधतात, त्याला कोकणात 'उलांडी' म्हणतात. छोट्या पॉलिनेशियन होड्यांनाही तेच असतं. 'बाजूचा तराफा' वगैरे लिहू नका.

शंका

'वसाहत' एवढी वाईट का ठरवायची? मुंग्यांची वसाहत, प्रवाळांची वसाहत, निर्वासितांची वसाहत असं आपण रोज म्हणतो. त्यात कुठे साम्राज्य आहे?

उत्तर

शंका रास्त आहे. एकटा शब्द चुकीचा नाही. पण तुमच्याच यादीत औद्योगिक वसाहत आणि कामगार वसाहत घाला. जागा कोणीतरी आखून दिलेली, नियम बाहेरून आलेले, ही छटा त्यात दिसते. आणि ज्या लेखात दोन्ही गोष्टी शेजारी येतात, तिथे हा शब्द दुसरीसाठी राखून ठेवावाच लागतो.

रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, पाहा. डच जहाज तिथे पोचलं 1722 मध्ये, ईस्टरच्या दिवशी, नाव त्यावरून. 1862 पासून पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसं पळवली. जी थोडी परत आली त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. 1877 मध्ये बेटावर 111 माणसं उरली होती. 1888 मध्ये चिलीने बेट आपल्या राज्याला जोडलं, मग ते मेंढ्या पाळणाऱ्या कंपनीच्या ताब्यात गेलं आणि मूळ लोकांना हांगा रोआ या एका गावात कोंडून घातलं. चिलीचं पूर्ण नागरिकत्व मिळायला 1966 उजाडलं. हे सगळं ज्या शब्दात मावायला हवं, तोच शब्द आधीच्या होडीकऱ्यांवर खर्च केला तर वाचकाला ही जखम दिसणारच नाही.

नॉरफोक बेटावर इंग्रजांनी 1788 मध्ये केलेली कैद्यांची वसाहतही 'वसाहत'च लिहा. तिथे वेगळा शब्द शोधायला नको.

आता पिटकेर्न. 'निर्जन' काढाच. जुन्या मराठी कागदांत यासाठी नेमका शब्द आहे: 'बेचिराग'. चिराग म्हणजे दिवा. जिथे पूर्वी दिवे लागत होते आणि आता लागत नाहीत, ते गाव बेचिराग. (लोक 'बेचिराख' म्हणतात आणि राखेशी संबंध जोडतात, तुमच्या लेखात आग नाही, तेव्हा 'ग'च ठेवा.) पिटकेर्नवर शतकांपूर्वी पॉलिनेशियन राहत होते. तिथला बारीक कणांचा काळा दगड वाकस (लाकूड तासायचं हत्यार) करायला उत्तम. तो मांगारेवा आणि हेंडरसन या बेटांवर जाई, मांगारेवाचे मोठे शिंपले हेंडरसनला येत. हेंडरसनवर चांगला दगड मुळातच नाही. ही ये-जा थांबली आणि पुढे पिटकेर्न-हेंडरसनवरची वस्ती संपली. बंडखोर उतरले तेव्हा नारळ आणि नीरफणस उभे होते. झाडं कोणी लावली हा प्रश्नही 'निर्जन' लिहिल्यावर पडत नाही.

भर

विदर्भात अशा गावाला 'रिठी' म्हणतात, तलाठ्याच्या दप्तरातही तसंच येतं. पण ललित लेखात 'बेचिराग' अधिक लोकांना कळेल.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'बेचिराग' घेते. आणखी एक विचारू का? 1767 मध्ये एका इंग्रज जहाजाने 'पिटकेर्नचा शोध लावला' हे वाक्य ठेवावं का?

उत्तर

नको. त्यांना बेट दिसलं, लाटांमुळे उतरताही आलं नाही, आणि नकाशावर जागाही चुकीची नोंदली गेली. लपायला ते बंडखोरांना सोयीचं वाटलं ते त्यामुळेही. 'बेट दिसलं आणि नाव दिलं' एवढंच लिहा.

त्या परिच्छेदात आणखी एक गोष्ट घालाच. बाउंटीवर नऊ गोऱ्या बंडखोरांबरोबर सहा पॉलिनेशियन पुरुष आणि ताहितीकडून आणलेल्या बायका होत्या. जमिनीची वाटणी झाली ती फक्त त्या नऊ जणांत. सहा जणांना वाफाभरही नाही. 1793 मध्ये त्यावरून रक्तपात झाला. 1808 मध्ये एक अमेरिकी जहाज तिथे पोचलं तेव्हा आलेल्या पुरुषांपैकी एकटा जॉन अॅडम्स हयात होता. बाकी बायका आणि मुलं. बंडखोरांनी तिथे काय केलं, 'वस्ती' की 'वसाहत', हे त्या वाटणीकडे पाहून तुम्हीच ठरवा. माझं मत 'वसाहत'.