रोइंग मशीनवर ठोके मध्येच १७५ दिसतात: यंत्राची चूक की हृदयाची?

प्रश्न:
एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाची लय विस्कळीत होणं) आहे, बीटा-ब्लॉकर (ठोके कमी ठेवणारी गोळी) चालू आहे. डॉक्टरांनी हलक्या रोइंगला हरकत नाही म्हटलंय. मिनिटाला २० स्ट्रोक, वॅट स्थिर. मनगटावरचं घड्याळ १०८ दाखवतं, मध्येच १७५, लगेच पुन्हा ११०. दम तेवढाच असतो. खरं काय मानायचं?

उत्तर १:
रोइंगला मनगटावरचं घड्याळ वापरूच नका. मूठ आवळली की स्नायुबंध हलतात आणि प्रकाशावर चालणारा सेन्सर गोंधळतो. शिवाय एएफमध्ये काही ठोके इतके क्षीण असतात की नाडी मनगटापर्यंत पोचतच नाही, म्हणजे कधी कमीही मोजलं जातं.

छातीवर बांधायचा ठोके मोजणारा पट्टा घ्या. त्याचे इलेक्ट्रोड (कातडीला टेकणारे भाग) पाण्याने नीट ओले करा. पट्टा घट्ट हवा, कारण पुढे वाकून गुडघे छातीशी आले की तो सरकतो. पीएम५ मॉनिटर (कॉन्सेप्ट२ रोइंग मशीनवरचा पडदा) ब्लूटूथ आणि अँट+ (दुसरी बिनतारी पद्धत) दोन्ही पट्टे घेतो. घाम येण्याआधी आकडा उडाला आणि काही सेकंदांत जागेवर आला, तर बहुतेक वेळा संपर्काचाच दोष. वॅट तेच असताना चढलेला आकडा मिनिटभर तिथेच राहिला, तर थांबा.

उत्तर २:
पट्टा बरोबर, पण मॉनिटरवरचा आकडा ही सरासरी असते. ठोक्यांतली अनियमितता त्यात लपते. त्यासाठी दोन ठोक्यांमधलं अंतर, म्हणजे आरआर, नोंदवणारं ॲप लागतं. पोलर एच१० हा छातीचा पट्टा हे अंतर पाठवतो. आलेखात एक आखूड अंतर आणि लगेच एक लांब, असं दिसलं तर बहुधा सुटा जादा ठोका. अंतर अचानक बरोब्बर दुप्पट, तर पट्ट्याने एक ठोका गाळलेला असू शकतो. सगळेच ठिपके विखुरलेले आणि तसेच राहिले, तर एएफची शंका घ्यायची. निदान मात्र ईसीजीवरच होतं. एका लीडचं छोटं ईसीजी यंत्र असेल तर हँडल सोडा, हात मांडीवर टेकवा आणि ३० सेकंद न हलता नोंद घ्या. ती वेळेसकट डॉक्टरांना दाखवा.

उत्तर ३:
कमाल ठोक्यांचं २२० वजा वय हे सूत्र इथे सोडून द्या, बीटा-ब्लॉकर ठोके दाबून ठेवतो. वॅट आणि बोलण्याची चाचणी धरा: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. श्रम किती वाटतात ते सांगणाऱ्या ६ ते २० च्या बोर्ग मापावर ११–१३. डँपर (मशीनच्या पंख्यात येणारी हवा ठरवणारी खिट्टी) ३–४ वर पुरे. ओढताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. शेवटची ५–१० मिनिटं हळूहळू उतरा, एकदम थांबलात तर रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दम बसेना, तर तिथेच थांबून तातडीची मदत मागवा. गोळीचा डोस स्वतः बदलू नका.

प्रश्नकर्ता:
पट्टा नसेल तेव्हा बोटांनी १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर चालेल?

उत्तर २:
एएफमध्ये नाही. पूर्ण ६० सेकंद मोजा, तेही थांबल्यावर, आणि आकड्याबरोबर ‘लय सारखी’ की ‘विस्कळीत’ हेही लिहा.