ऑनलाइन गिऱ्हाईक परत कशाने येतं?

प्रश्न (म्हापसा):
मी घरचं कोकम आगळ ऑनलाइन विकते. पुण्या-मुंबईची नवी गिऱ्हाइकं हमखास 'पैसे माल आल्यावर' म्हणतात. जर्मनीतली नणंद सांगते, तिथेही बरेच जण आधी माल घेतात, मग बिल भरतात. पण तेच गिऱ्हाईक पुन्हा यावं कसं? पावसाळ्यात माझ्या तीन बाटल्या फुटून पोचल्या, तेव्हापासून जीव टांगणीला आहे.

उत्तर (फोंडा):
ताई, फुटल्यावर काय केलंत, त्यावरच सगळं आहे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येतात, कायदाच आहे तसा. आपल्याकडे लोक दुकानदाराचा शब्द बघतात.

उत्तर (मडगाव):
मी जपानात असताना ऑनलाइन मागवलेल्याचे पैसे कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे रोजच्या वस्तूंच्या छोट्या दुकानात, रोख भरायचो. शेजारीण मात्र राकुतेन या तिथल्या ऑनलाइन बाजाराचे पॉइंट जमतात म्हणून दुसरीकडे बघतच नसे.

प्रश्नकर्ती:
तिन्ही बाटल्या दुसऱ्याच दिवशी नव्या पाठवल्या, पैसे न घेता. दोघींनी चवथीला पुन्हा मागवलं! आता झाकणावर मेण ओतते, भोवती भाताचं गवत गुंडाळते. तिसरीला आज फोन करते.